आचलचा खुराक

अमरावती,
शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

ती. गजेंद्रदादास,

गीतांजलीचा नमस्कार. आरतीवहिनीचं कंबरेचं दुखणं कमी झालं का? तिला म्हणावं, शेतातला पोत्यात भरलेला झेंडू उचलायला गडी असतो, वहिनी नसते.

काल भाऊबिजेला यायचं राहिलं. तुला न ओवाळता गेलेली ही पहिलीच भाऊबीज. फोनवर सांगितलंच होतं की आचलला ताप आहे. तू म्हणालास, तापात वजन उतरतं, बरंच झालं. पुढे बोलायचं होतं, पण तू स्पीकर लावतोस आणि मागे आखाड्यातली सगळी पोरं ऐकत असतात. म्हणून लिहायला बसले. कागदावरचं बोलणं कोणाला मधात तोडता येत नाही.

इकडे दिवाळी झाली तशी झाली. ह्यांचा फुलांचा धंदा लक्ष्मीपूजनापर्यंत चांगला चालला. फराळ मी नेहमीसारखाच केला, पण आचलनं त्यातलं काही घेतलं नाही. चकलीत तेल, करंजीत तूप, चिवड्यात तेल. मामानं बंद केलंय म्हणते. मग शेजारच्या माणिकबाईच्या सुनेनं एक प्रकार दाखवला. तळायचं नाही, तूप घालायचं नाही. फल्लीदाणे भाजून, टरफलं काढून मिक्सरमध्ये फिरवत राहायचं. आधी कूट होतो, मग गोळा होतो, मग तेल सुटून लोण्यासारखं मऊ होतं. विकतचं पीनट बटर म्हणजे हेच, फक्त त्यात साखर असते. त्यात परतलेले ओट्स, भिजवलेला खजूर, थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ घालून लाडू वळायचे आणि फ्रीजमध्ये ठेवायचे. पौष्टिक आहेत. ह्यांच्या हाती डबा पाठवते आहे. तू खाऊन बघ.

एक विचारायचं होतं. तिकडे आचल सकाळी काय खाते? म्हणजे आखाड्यातून आल्यावर? आणि रात्री तुमच्यासोबत जेवते की तिचं ताट वेगळं असतं? सहज विचारते. वहिनीला माहीत असेल.

तिला इतक्यात अकोल्याला पाठवत नाही. अशक्तपणा आहे. मी सध्या तिच्याजवळच निजते.

हे घाईत असतील, त्यांना बसवून घेऊ नकोस.

तुझी,
गीतांजली


अमरावती,
बुधवार, २९ ऑक्टोबर २०२५

दादा,

तुझे फोन आले. मी उचलले नाहीत. कुस्तीची निवड चाचणी अडीच आठवड्यांवर आली आणि बहीण पोरीला घरी बसवून ठेवते, असा राग तुला आला असेल. म्हणून आता खरं लिहिते.

ताप नव्हता. ह्यांना बसवून घेऊ नको असं लिहिलं, कारण त्यांना खोटं बोलता येत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी आचल दारात रांगोळी घालत होती. मी आत होते. रंगाचा डबा पडल्याचा आवाज आला, म्हणून बाहेर आले तर ती पायरीवर आडवी. डोळे उघडे, पण हाक मारली तर ओ नाही. ओठ पांढरे. ह्यांनी तिला उचललं, तेव्हा त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "गीता, इच्यात वजनच नाही."

बाईडॉक्टरकडे नेलं. त्यांनी पाळीचं विचारलं. आचल माझ्याकडे बघेना. मग म्हणाली, मार्चपासून नाही. मार्चपासून, दादा. डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "ताई, या मुलीचं शरीर उपाशी आहे. हृदयाचे ठोके फार मंद पडतात. पळणं, कुस्ती सगळं बंद. खाणं हळूहळू वाढवायचं, एकदम नाही. दर आठवड्याला मला दाखवायचं. आणि मनासाठीही एक डॉक्टर लागतील, त्यांचं नाव देते."

मनासाठी का, ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, पोर उपाशी आहे तर खाऊ घालू, झालं. मी काय वाढायला कमी पडते?

लाडू मी त्यासाठीच केले होते. आचल माझ्याशेजारी बसली. दाण्याची टरफलं तिनंच पाखडली. चमच्यात किती दाणे, किती खजूर, कशात किती ताकद, सगळं तोंडपाठ. मी एक चमचा जास्त गूळ टाकला तर तिचा चेहरा असा झाला, जसं मी तिच्या ताटात काही मिसळलं. लाडू मात्र तिनं सुरेख वळले, एकसारखे. आणि मग बोटांना लागलेलं ते दाण्याचं लोणी साबण लावून धुतलं. दोनदा. लहानपणी हीच पोर परातीला लागलेलं सोडत नव्हती.

रोज मी तिला लाडू द्यायचे. ती हातात घ्यायची, खोलीत जायची. मला वाटायचं, खाते आहे. रविवारी खोली झाडताना भिंतीकडून मुंग्यांची रांग दिसली. रांग तिच्या कुस्तीच्या बुटात गेली होती. बुटात लाडू होते. सगळे.

मी हात उचलला, दादा. मारला नाही, पण उचलला. ती मागे सरली नाही. म्हणाली, "मार मले. पण मामाले सांगू नको. मामा म्हणन, पोरगी कच्ची निघाली."

मग ती बोलली. तक्रार करून नाही. अभिमानानं सांगत होती, ते ऐकवत नव्हतं. रोज सकाळी तू सगळ्या पोरांसमोर तिला वजनकाट्यावर उभी करतोस. काटा वर गेला तर म्हणतोस, "काल पोळीवर चांगला हात मारलेला दिसते," आणि पोरं हसतात. त्या दिवशी ती जेवत नाही. कोणी सांगितलेलं नसतं, तिची तीच. मग स्वेटर घालून मोर्णा नदीच्या पुलापर्यंत पळत जाते, परत येते. वजनाच्या आदल्या दिवशी पाणी पीत नाही, बाटलीत थुंकत राहते. मला म्हणाली, "आई, थुंकीचंही वजन असते."

वरच्या गटात टक्कर जास्त आहे म्हणून तू तिला खालच्या गटात बसवलंस. तुझा हिशेब बरोबर असेल. मला कुस्ती कळत नाही. पण तू पैलवान होतास तेव्हाचं मला आठवतं. आई पहाटे म्हशीचं दूध काढायची, त्यात बदाम घोटायची. तुझ्या वाटीतल्या तुपाला आम्ही कोणी हात लावायचा नाही. त्याला आपण खुराक म्हणायचो. पैलवानाचा खुराक. तुझी ताकद खुराकातून आली, आणि माझ्या पोरीची ताकद उपासातून कशी येईल?

तू तिच्यासाठी काय केलंस, ते मी विसरले नाही. पोरगी लंगोट घालणार काय, असं नातेवाईक तोंडावर विचारत होते, तेव्हा तू एकटा उभा राहिलास. आपल्या घरात ठेवलंस. तुझ्याकडे आहे म्हणून मी निवांत झोपत होते. तुझ्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच हे लिहायला मला इतके दिवस लागले.

आचल अकोल्याला येणार नाही. चाचणीलाही उतरणार नाही. हे म्हणाले, दादाले एकदा विचारून घे. मी विचारत नाही आहे. कळवते आहे.

गीतांजली


अमरावती,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

दादा,

तू येऊन गेल्यावर पत्र लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. पण परवा आरतीवहिनीचा फोन आला. म्हणाली, "तुम्ही ह्यायले दारातून हाकललं म्हणते." मी तुला हाकललं नाही. म्हणून दोन तारखेच्या रविवारी काय झालं ते लिहिते. हे वहिनीलाही वाचायला दे.

तू आलास, चप्पल काढली नाहीस, आणि उंबऱ्यातून म्हणालास, "चाल आचल, सामान घे. चाचणी तोंडावर आली अन् तू घरी बसून लाडू वळून राहिली?"

मी म्हटलं, "ती येणार नाही."

"तू मधात बोलू नको, गीता. तुले यातलं काय समजते?"

मला वाटलं होतं, आचल आत लपून बसेल. पण ती बॅग भरूनच बाहेर आली. बूट घातलेले. म्हणजे तुझा फोन तिला आला होता, किंवा तिनं तुला केला होता. मी अजून तिला विचारलेलं नाही. ती म्हणाली, "आई, जाऊ दे मले. एवढी एक चाचणी. मंग तू म्हणशील ते खाईन."

मी दारात उभी राहिले. तू माझा मोठा भाऊ. तुझ्यासमोर मी आजवर कधी अशी उभी राहिले नव्हते. तू हात लावून मला बाजूला केलं असतंस, तर मी झालेही असते, ही मला भीती होती.

तू मला नाही, तिला धरलंस. मनगटाला. ओढायला म्हणून धरलंस आणि थांबलास.

तुझ्या हातांनी आजवर किती मनगटं धरली असतील. कोणाच्या अंगात किती जोर, हे तुला पकडीवरून कळतं. तुझी बोटं तिच्या मनगटाभोवती फिरून एकमेकांवर चढली. तू तिची बाही वर केलीस. तिच्या हातावर ती बारीक लव आली आहे, तान्ह्या पोरासारखी. डॉक्टरबाई म्हणाल्या, अंगावर मांस नसलं की शरीर अशी ऊब धरतं. तू मला विचारलंस, "हे कवापासून?"

मी म्हटलं, "तुझ्याच घरी होती."

ते मी तुला लागावं म्हणूनच बोलले. लागलं, ते मी पाहिलं.

मग तू खाली बसलास, सोफ्यावर नाही, तिथंच दाराशी. मी आत गेले आणि काही सुचेना म्हणून ताटलीत लाडू घेऊन आले. घरी आलेल्या माणसापुढे ठेवतो तसे. तू एक उचललास, तिच्या हातात दिलास आणि म्हणालास, "खा."

आणि तिनं खाल्ला.

दादा, मी त्याआधी बारा दिवस तिला हात जोडत होते. रागावून पाहिलं, रडून पाहिलं, शेजारी बसून घास भरवून पाहिलं. तू एक शब्द बोललास आणि तिनं तुझ्याकडे बघत बघत अख्खा लाडू संपवला. हुकूम पाळावा तसा. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

खाऊन झाल्यावर तिनं तुला विचारलं, "मामा, उद्या काट्यावर दिसन काय?"

तू तसाच उठलास. मी म्हटलं, "जेवून जा." तू ऐकलं नाहीस की तुला ऐकू आलं नाही, मला माहीत नाही. गल्लीच्या तोंडाशी तू बराच वेळ गाडीला किल्ली लावत उभा होतास. मी खिडकीतून बघत होते. हाकललं असतं तर बघत उभी राहिले असते का?

तू गेल्यावर ती बाथरूममध्ये गेली, कडी लावली. मी दाराला कान लावून उभी. नळाचा आवाज येत राहिला. बाहेर आली आणि मला तिथं पाहून म्हणाली, "नाही काढलं आई. पोटातच हाय." मग आम्ही दोघी तिथंच फरशीवर बसलो.

त्यानंतर रोज सारखा दिवस नसतो. एखाद्या दिवशी अर्धी पोळी, वरण, एक लाडू. एखाद्या दिवशी सकाळपासून तोंड मिटलेलं. मनाच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो. त्या म्हणाल्या, महिने लागतील, आणि घरात कोणी वजन, बारीक, जाड हे शब्द काढायचे नाहीत. मागच्या आठवड्यात ठोके थोडे सुधारले. थोडेच.

काल चाचणी झाली. आचल दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. संध्याकाळी म्हणाली, "मी जिंकली असती." मी म्हटलं, "हो, जिंकली असतीस." खोटं वाटलं नाही मला ते. ती जिंकलीच असती, आणि पुढच्या पायरीवर कधीतरी पडली असती, आणि तेव्हा उचलायला हे जवळ नसते.

वहिनी हेही म्हणाली की तू चार दिवस आखाड्यात गेला नाहीस, आणि गेलास तेव्हा काटा आत खोलीत नेऊन ठेवलास. खरं असेल तर बरं वाटलं. तिथं आणखीही पोरी आहेत.

आता मागणं. ती तुझ्या शब्दावर खाते, माझ्या नाही, हे मला आवडत नाही. पण पोरीच्या जिवापुढे माझ्या आवडीनिवडीला काय किंमत? तर तू दर रविवारी ये. वस्ताद म्हणून नको, मामा म्हणून. तिच्यासमोर बसून जेव, पोटभर, पोळीला तूप लावून. तिला खा म्हणू नकोस. डॉक्टरबाई म्हणतात, तिनं हुकमावर नाही, भुकेवर खायला शिकायला हवं. म्हणून तू फक्त जेव आणि तिला जेवताना दिस. मॅटवर परत जायचं की नाही, ते डॉक्टर आणि आचल ठरवतील. तू नाही, मीही नाही.

आणि हे आताच लिहून ठेवते, म्हणजे नंतर दारात बोलायची वेळ येणार नाही. आल्या आल्या वजनाचं विचारलंस, तर त्या दिवशी तुला खरंच हाकलीन.

रविवारी भरीत करते आहे. वाट बघते.

आधी आचलची आई, मग तुझी बहीण,
गीतांजली