नळावरचा अर्धा तास

बुध. २ मे १९७३
मैदानावर माळशिरसकडचे धनगर उतरलेत. घोंगड्यांची पालं, मेंढरं, पोरंबाळं. तिकडच्या विहिरी आटल्या म्हणून शहरात आले, आणि इथे मैदानाजवळ आमच्या पाणीखात्याचा एकच नळ. तोही विणकरांच्या गल्लीचा. साहेबांनी हुकूम काढला: सकाळी गल्लीने भरावे, दुपारी पालवाल्यांनी. दोघांना समान सेवा. दुपारी त्या नळाला नुसती हवा येते, हे आमच्या शिपायालाही ठाऊक आहे. साहेबांना तसं सांगितलं. "समान आहे ना? झालं तर मग."

शनि. ५
गल्लीतले वडीलधारे नरसय्या, त्यांच्याकडे गेलो. मागाच्या खडखडाटात ओरडून ओरडून विनवण्या केल्या. सकाळचा शेवटचा अर्धा तास पालवाल्यांना द्या. शेवटी म्हणाले, "तुमच्यासाठी देतो साहेब. पण भांडणतंटा नको बघा." फार बरं वाटलं. घरी सांगितलं तर ही म्हणते, "बघू किती दिवस टिकतंय." हिची जीभच काळी.

सोम. ७
एक दिवसही नाही टिकलं. पालातला पहिला हंडा हिराबाईनं भरला. नवरा बिरू दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलाय, मागे ती एकटी पोरं आणि मेंढरं सांभाळते. पोरं ओठ चाटत उभी, आणि बाईनं अख्खा हंडा मेंढरांपुढच्या परातीत ओतला. त्यांची रीत आहे, आधी जनावर मग माणूस. मी ओरडलो. शांतपणे म्हणाली, "पोरास्नी तोंड हाय, मागून घेत्यात की. मुक्यानं कुटं मागायचं?"
नरसय्यांची सून राजम्मा बघत होती. "आमची पोरं बिनआंघोळीची, आणि ही मेंढ्यांना पाजती? याच्यासाठी दिला काय अर्धा तास?" हातात चप्पल. बहुधा माझ्यासाठी.

बुध. ९
साहेबांचा निकाल: मेंढरं तरी ठेवा, नाहीतर नळ तरी. सांगायला अर्थात मी.
हिराबाई म्हणाली, "मालक इचारतील तवा काय सांगू? सासऱ्यापासनं राखल्याली मेंढरं हायत ही."
"नळ हवा की नको तेवढं सांग."
असं दरडावताना जरा मजा वाटली. दिवसभर साहेबांचं ऐकून घेतल्यावर कुणालातरी ऐकवायला मिळालं. तिची धाकटी पालात पडून आहे, डबक्याच्या पाण्यानं हगवण लागलेली. हिराबाई तिच्याकडे बघत बसली.

मंगळ. १५
विकली. बहुतेक सगळी खाटकानं बाजारातून हाकत नेली. यंदा जो तो विकायलाच उभा, भाव कोण देतो. तीन मेंढे नरसय्यांनी घेतले. पाऊस पडावा म्हणून गल्ली देवीला मेंढे देणार आहे. "खाटकाकडं जाण्यापेक्षा देवीच्या कामाला येतील की." म्हातारबुवांनी पुण्य आणि स्वस्ताई एकाच दोरीला बांधून घरी नेली.

शुक्र. १८
धाकटी उठून बसली. नळाच्या पाण्याचा गुण. हे लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच वाटेल की सगळं वाईटच केलं.
मेंढे नरसय्यांच्या दारात बांधलेत. राजम्मा त्यांना बादलीनं पाणी पाजते. त्याच नळाचं. देवीला रोडके कसे चालतील? मी हटकलं तर म्हणाली, "आमच्या वेळेत भरलं, आमच्या मेंढ्यांना पाजलं. तुमचं काय गेलं?" नियमात बसतं. हिराबाई रिकामा हंडा घेऊन रांगेत होती. एक मेंढा तिला बघून सारखा ओरडत होता. तिनं मान वर केली नाही.

सोम. २१
साहेब खुशीत. देवीच्या जेवणाला पालवाल्यांनाही बोलवा म्हणतात. स्थानिक आणि दुष्काळग्रस्त एका पंगतीत, वर पाठवायला फोटो. मला वाटलं नरसय्या नाही म्हणतील. कसले! "बसू दे की, मटण पुरतंय." मनापासून म्हणाले. याचीच चीड येते.

मंगळ. २२
पंगत झाली. हिराबाई येत नव्हती, पण पोरं वासाने धावली, म्हणून आली. पानावर नुसती भाकरी घेऊन बसली. जेवणं अर्ध्यावर आली असताना बिरू आला. कामावरून सुट्टी घेऊन निघालेला, बायकापोरं जेवायला गेलीत असं वाटेत कुणीतरी सांगितलं म्हणून थेट पंगतीतच. हात धुऊन बायकोशेजारी बसला. भुकेला होता, भरभर जेवला.
"लई चवीचं हाय," राजम्माला म्हणाला. पुन्हा वाढून घेतलं.
मग बायकोला, "मेंढरं कुणाजवळ सोडलीस?"
हिराबाईनं माझ्याकडे बघितलं. मी पाणी वाढत होतो. तांब्या घेऊन पुढच्या पानाकडे सरकलो.
"जेवा आदी," ती म्हणाली.
फोटोवाला नेमका तेव्हाच समोर आला. साहेब म्हणाले, सगळ्यांनी हसा. बिरू हसला.

बुध. २३
सकाळी नळावर उभा होतो. गल्लीचं भरून झालं. पालवाल्यांची वेळ लागली, पण एकही हंडा आला नाही. मैदानावर पालं दिसताहेत, हिराबाईच्या पालाचं तोंड बांधलेलं. आत आहेत की गेले, कळेना. जाऊन बघावं म्हणून निघालो, तर राजम्मानं थांबवलं.
"साहेब, त्यांना नको असंल तर आमचा अर्धा तास आम्हाला परत का?"
साहेबांना विचारून सांगतो म्हणालो.