अक्काचा पासवर्ड

मंगळवार, संध्याकाळ

अक्काचा पासवर्ड बरोबरच होता. दुरुस्तीला आलेल्या मंजुनाथने आत्ता दाखवलं: कॉम्प्युटरचा कीबोर्ड मराठीवर राहिला होता आणि ती टाइप करत होती इंग्रजी. पडद्यावर नुसते ठिपके. तिला कळणार कसं? रविवारी लेख लिहून कीबोर्ड तसाच सोडला कोणी? मीच.

आणि काल थोरल्या बहिणीला बेधडक म्हणालो, "अक्का, वय झालं गं तुझं. पासवर्ड विसरलीस."

"अय्यो, असेल की रे," म्हणून हसली. पण तेव्हापासून गॅस बंद केला का, ते सारखी जाऊन बघतेय. जिला सगळ्यांचे फोन नंबर पाठ, ती!

आता देवळातून येईल. दारातच सांगायचं ठरवलंय. पण चप्पल काढून ती आधी गॅसकडेच जाईल.