अंगातली ओढ

१० एप्रिल १९६२, मंगळवार. अमडापूर.
याही महिन्यात बाहेर बसले नाही. माघापासून हेच. आता संपलं असं धरूनच चालायचं. त्याचं दुःख नाही, पण अंगाला थारा नाही. एकाएकी पोटातून वाफ उठते, मानेपर्यंत चढते, लुगडं भिजतं. मागाहून थंडी. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "उन्हाळा हाये. सगळ्याईलेच होते." स्वतः सावलीत वांगी निवडत बसलेले.

खरी गोष्ट ह्यांना अजून सांगितली नाही. जमिनीतलं पाणी कळायची ओढ गेली.

आज मुद्दाम आमच्याच विहिरीभोवती अनवाणी फिरले. जागा मीच दाखवली होती, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. तेव्हा टाचेतून पोटरीत, पोटरीतून ओटीपोटात अशी ओढ आली की उभं राहवेना, तिथंच खाली बसले. त्यानंतर किती गावांनी गाडी पाठवून नेलं. आज पाणी डोळ्यांना दिसतंय आणि पायांना पत्ता नाही. नुसती तापलेली माती.

१३ एप्रिल, शुक्रवार.
झोप मोडकी. मामा आठवतो. पाणी दाखवायचं त्यानंच शिकवलं. म्हणायचा, पोरी, पिंडी ते ब्रह्मांडी. हाड तो खडक, रक्त ते झरे, श्वास तो वारा, पोटातला अग्नी तोच जमिनीच्या पोटातला. तू आन जमीन, दोघी एकाच मातीच्या, म्हणून एकीचं दुसरीला कळते.

मग माझं आटलं म्हणून तिचं कळेनासं झालं? तसं असेल तर इतकी वर्षं पाणी कळत होतं ते पायांना, की...

माघात आठ ग्रह एका राशीत आले तेव्हा पृथ्वी बुडणार म्हणून गाव भजनाला बसलं होतं. पृथ्वी आहे तिथंच आहे. माझं मात्र तेव्हापासून. हसू येतं, आणि येतही नाही.

मामा तर पुरुष. त्याला हे ठाऊकच नसणार. विचारू कोणाला?

१६ एप्रिल, सोमवार.
वडनेरहून दिगंबरराव आले. धाकट्या बहिणीचे, कमलचे मालक. नवं वावर घेतलंय, भाजीपाला करायचा म्हणतात. घरात सून ओली बाळंतीण, पाणी कमल एकटीच लांबून आणते. विहिरीची जागा दाखवायला चला.
म्हटलं, दुसरा कोणी पाणाड्या पाहा.
"काऊन? आमी परके हाव का बाई?"
मी शब्द जुळवतेय तोवर आमचे हेच बोलून गेले, "येते ना ते. काऊन नाही येनार!"
झालं.

१९ एप्रिल, गुरुवार. वडनेर भोलजी.
आज अक्षर वाकडं येतंय.

सकाळी वावराच्या चारी धुऱ्यांनी, बांधाबांधानं फिरले. काही नाही. परत मधून आडवी. काही नाही. मागे दिगंबरराव, त्यांचे भाऊ, खणणारे, शेजारी. सगळे चूप, कारण चालताना कोणी बोलायचं नाही ही माझीच अट. कमलला बाजूला घेऊन खरं सांगावं म्हणून वळले, तेवढ्यात वाफ उठली. डोळ्यांपुढं काळं. बाभळीजवळ मटकन बसले.
मागून एकच ओरडा, "बसली! बाई बसली!"
डोळे उघडले तोवर नारळ फुटलेला.
"अहो, मले चक्कर आली. पान्याचं काई नाही."
दिगंबरराव हसले. "तुमचं अंग बोललं बाई. आता तुमी कायले नाही म्हंता?"
कमलनं हंड्यातलं पाणी माझ्या तोंडावर मारलं. तिला हळूच सांगितलं, ती ओढ नव्हती गं, वय आहे हे. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मामाच म्हने ना, अंग आन जमीन दोन्ही एकच हायेत. मंग?"


२१ एप्रिल, शनिवार. अमडापूर.
ह्यांना सगळं सांगितलं. मेथीच्या जुड्या बांधत ऐकत होते.
"मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"
"सांगतलं. कोनी आयकलं नाही."
"मंग तुहं काम झालं."
झालं नाही. जेवताना, धुणं धुताना, कुदळीचा आवाज कानात. तिथं माणसं उन्हात खणताहेत ते माझ्या चकरेवर.

२८ एप्रिल, शनिवार.
वडनेरहून निरोप. दोन पुरुष खोल गेले. वर मुरूम, खाली काळा खडक. ओलावा नाही. सुरुंग लावताहेत.
पुरुष म्हणजे हात वर करून उभा माणूस. विहीरसुद्धा देहानंच मोजायची. आजवर कधी मनात आलं नव्हतं, आज ते दोघे एकावर एक उभे दिसतात आणि...
आज वाफ पाच-सहादा तरी आली. दर वेळी वाटतं तिकडं बार उडाला.

१ मे, मंगळवार.
महाराष्ट्राला दोन वर्षं झाली म्हणून शाळेत झेंडा. गेले नाही. घरातल्या घरात येरझाऱ्या. शेवटी ह्यांना म्हटलं, आखजीला, अक्षय्यतृतीयेला, वडनेरला जाते. "मी येऊ?" नको म्हटलं. मग न विचारता काकड्यांची पिशवी भरून ठेवली.

७ मे, सोमवार. आखजी. वडनेर.
सणाचं काम बंद, म्हणून विहीर रिकामी होती. पितरांच्या घागरी भरून झाल्यावर कमलला म्हटलं, मला खाली सोड. शेजारीण म्हणाली, नव्या विहिरीत बाईमाणसानं उतरू नये. कमल म्हणाली, "तिले काई विटाळ नाही आता." चांगलंच हसलो दोघी.

दोराला पाळणा बांधून दिगंबररावांनी आणि त्यांच्या भावानं सोडलं. तळाला दगडाची भुकटी, सुरुंगाच्या दारूचा वास. पाय टेकले. हात टेकले. काही नाही. मग खडकाला पाठ लावून बसले. वाफ उठली, नेहमीसारखी. मी वाट पाहिली. मानेपर्यंत आलीच नाही. पाठीकडून खडकानं ओढून घेतली. माघापासून अंग पहिल्यांदा जागेवर आलं. किती वेळ बसले कोण जाणे. वरून कमल घाबरून, "बाई! लागते का काई?"
"पान्याचं मले काईच समजत नाही!"
"मंग काय करून राह्यली तथी?"
"बसली. बरं वाटून राह्यलं."
वर कुजबुज. मग दिगंबरराव वाकले, "खनू का बुजवू, बाई? तुमी सांगा."
"माह्या अंगात ओढ नाही आता. खरंच नाही. माह्यावर नका ठेवू. तुमचं तुमी ठरवा."
या वेळी मात्र त्यांनी ऐकलं.
मग कमलचा आवाज, मोठा, "खना."

आता दिवे लागलेत. सकाळी काम सुरू. मी थांबणार आहे. कमल सुनेला काढा देऊन आत्ताच शेजारी येऊन बसली. भीती वाटते का, असं विचारलं तिला.
"हाव," म्हणाली. "पन आमी खनतो."