पंखा परत नेलाय

आई,
या घरात वारा कुणाला मिळणार हे तू ठरवतेस, आणि तू उघड उघड धाकट्याची बाजू घेतेस. माझ्या शिलाई मशीनजवळचा पंखा उचलून त्याच्या गेमच्या कॉम्प्युटरला लावलास. का, तर म्हणे ग्राफिक्स कार्ड तापतं! पंखा मी परत नेलाय. लाडोबाला सांग, कॉम्प्युटरचा डबा भिंतीपासून पुढे ओढ, जाळीतली धूळ ब्रशने काढ आणि भर दुपारी खेळू नकोस, म्हणजे कार्ड एवढं तापणार नाही. काल त्या डब्यावर हात ठेवून तू कळवळलीस, "अगं बाई, किती तापलाय गं हा!" मी शेजारीच घामाने निथळत पडदे शिवत होते. माझ्या पाठीवर असा हात शेवटचा कधी ठेवलास? पडदे देऊन संध्याकाळी येते, तेव्हा मला उत्तर हवंय.
— थोरली