गोठ्यातला परका आवाज आणि दोन शिंगांचा राऊटर

मु. पो. धारूर

चि. बबितास म्हाळूमामाचा पोटभर आशीर्वाद. पुण्यात जेवण वेळेवर करीत असशील असं धरून चालतो. इकडं मी, तुझी मामी कडूबाई आन चौदा शेळ्या खुशाल हाय. ही खुशाली तुझ्यामुळं, म्हणून हे पत्र.

फोनवर घाईत सांगितलं, आता नीट सांगतो. शेळ्यांवर लक्ष ऱ्हावं म्हणून गोठ्यात बोलता क्यामेरा बसवलता (बाजारात बसून शेळ्या बघितल्या की मला चहा जास्त गोड लागायचा). पंधरा दिवसांखाली भरदुपारी मामी चारा टाकायला गेली, तर क्यामेऱ्यातून परका माणूस बोलला, "काळी लई झकास हाय." मामीला वाटलं, शेळीच शेळीबद्दल बोलली. पाटी टाकून पळाली. मी जाऊन "कोण हाय बे?" म्हणून दरडावलं, तर तो नुसता हसला. पोरी, तवाच तुला फोन लावला. कुणीतरी आपलं घर बघतंय आन आपल्याला तो दिसत न्हाई!

तू मात्र हसली न्हाईस. घरात नेट आणणाऱ्या जुन्या डब्याचा, म्हंजे राऊटरचा, पासवर्ड कंपनीचाच ऱ्हायला, फायरवॉल बंद, नवा घ्या म्हणालीस. माजलगावला गेलो. दुकानदार बद्रीनाथनं सहा शिंगांचा (अँटेनाला मी शिंगंच म्हणतो) राऊटर पुढं केला. फायरवॉल कशी हाय, विचारलं, तर म्हणतो, "मामा, प्लास्टिक एक नंबर, पेटणार न्हाई." मग मी तुला फोन लावून त्याच्या हातात दिला. तू काय बोललीस देव जाणे, पण त्यानं सहा शिंगं गुपचूप फळीवर ठेवली आन निम्म्या किमतीचा दोन शिंगांचा डबा रुमालानं पुसून दिला. नव्या सुधारणा येत ऱ्हातील, पाहुण्यांचं वायफाय वेगळं करता येईल, हेच बघायचं असतं, शिंगं न्हाई, हे मला तवा कळलं.

रविवारी तुझी सुट्टी फोनवर आमच्यात गेली. मी वायर उलटी धरून कंपनीला शिव्या देत होतो (तू ऐकल्या असशील, माफ कर). तू मामीला एकेक बटण सांगितलंस. फायरवॉल चालू, बाहेरून उघडायची वाट बंद, क्यामेरा वेगळ्या वायफायवर. आतून बोलावलेल्याला येऊ द्यायचं, आगंतुकाला दारातच थांबवायचं, हे तुझं बोलणं मामीला लई पटलं. तवापासून गोठ्यात फक्त शेळ्याच बोलतात, आन मामी ओव्या म्हणत चारा टाकती.

तुझ्या दहावीला "पोरीला कंप्युटर कावून पाहिजे?" असं मीच म्हणलतो. ते वाक्य परत घेतो.

तुझा,
म्हाळूमामा

ता. क. नवा पासवर्ड तुला आन मामीलाच ठाऊक हाय. ती मला देत न्हाई. म्हणती, तुमी हाटेलात सगळ्यांना सांगाल (सांगितला असता). पाच दिवस झाले, माझ्याच घरात माझ्या फोनला नेट न्हाई. घरातून फोनवर मागावं तर ती शेजारी बसलेली, हाटेलातून मागावं तर सगळे कान टवकारून. म्हणून पत्राचा खटाटोप. गुपचूप कळव.

ता. क. दुसरा. बबिता, मी मामी. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडंच दिलंय. कळवू नको.