फुलांचं कार्ड

३ जुलै २००१, बालाघाट
गोंदियाहून छोट्या लाइनच्या गाडीने आले. दोन्हीकडे धानाची रोवणी चाललेली. घरमालकीण सत्यभामाबाईंनी आल्याआल्या चहा दिला, म्हणाल्या, मले आई समजजो. खोली लहान आहे, पण उजेड भरपूर. उद्यापासून तेजराम यांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचं. नागपूर सुटलं, नवऱ्याचा मार सुटला. देवेंद्रला मी कुठे आहे ते माहीत नाही. पत्ता फक्त बहिणीला, मंजूला, मेलने कळवला. आज पोटभर जेवले.

८ जुलै
क्लासला येणाऱ्या बायका माउस धरायला लाजतात, मग सोडत नाहीत. मेलमध्ये बिननावाचं ग्रीटिंग कार्ड आलं. उघडलं तर पडदाभर फुलं. क्लासमधलंच कोणी असेल. मंजूला लिहिलं, इथे सगळं आहे, फक्त आपली संत्राबर्फी नाही.

१३ जुलै
क्लासमध्ये माझ्या टेबलावर संत्राबर्फीचा डबा. कोणी ठेवला, कोणालाच ठाऊक नाही. मी मेल लिहिते तेव्हा तेजराम मागेच घुटमळत असतात.

१६ जुलै
हिरवी साडी घेतल्याचं मंजूला लिहिलं होतं. आज बिननावाची मेल : हिरवी साडी कधी नेसणार? तेजरामांना विचारलं. म्हणाले, मी काहून वाचू तुमचं? पण नजर खाली. पासवर्ड बदलला. कार्ड कोण पाठवतं ते पाहायला नवं आलेलं उघडलं. पुन्हा फुलंच.

१८ जुलै
पासवर्ड बदलूनही तेच. काल मंजूला लिहिलेलं आज मलाच परत, शब्दन् शब्द. तेजरामच. नोकरी सोडली. सत्यभामाबाईंच्या बहिणीकडे, गोदाबाईंकडे, हट्ट्याला जाते. मंजूला गाव आणि घराची खूण कळवली.

२० जुलै, हट्टा
दुपारी शेजारच्या फोनवर तेजराम. सत्यभामाबाईंकडून नंबर घेतला म्हणे. म्हणाले, मॅडम, त्या कार्डातच गडबड हाय. ब्राउजरले भोक हाय. मेल चालू असताना ते पान उघडलं का आतलं सारं, मागून लिहिलेलंही, वाचते अन् धाडणाऱ्याले देते. पासवर्ड बदलून काय होते?
तेजराम नव्हते. असली पानं बनवणं — देवेंद्रचा धंदाच तो.
आणि मी मंजूला गाव, घराची खूण, सगळं —

गोदाबाई आल्या. म्हणतात, तुह्या घरचे स्टँडवर भेटले, संगंच घेऊन आली, चहा ठेव.
कोण घरचे —
अंगणात कोणी चपला काढल्या. कडी लावा म्हटलं तर हसतात —
तो गोदाबाईंना मावशी म्हण