पोरीच्या ठोशात जोर नाय

बा, तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि आज मला तुझी गरज पडली. तू गेला त्या साली झालेली माझी पोरगी बॉक्सिंग खेळती. पाय चपळ, डोळा तेज, पण ठोशात जोर नाय. तिचे सर तोंडावर म्हणतात, "बाई, ही मारती का दार वाजवती?" परवा रविवारी निवड आहे. ह्या वेळी नाव लागलं नाय तर ती वयाच्या गटातून बाहेर, आणि तिच्या पप्पानं साडीच्या दुकानात तिची नोकरी बोलून ठेवलीय. जल्मभर घड्या घालत बसायचं. सरांनी वजनं उचलून घेतली, जड चेंडू भिंतीवर फेकून घेतला. दंड भरले, ठोसा होता तेवढाच.

मग मला कन्नड गावातली तुझी लोहारकीची भट्टी आठवली. कारखाना सुरू व्हायच्या तोंडावर ऊसतोड्यांच्या कोयत्यांचा ढीग पडलेला. आपल्यात बाप्यानं सांडशीत लोखंड धरायचं, बाईनं घण मारायचा. आई तापानं पडली म्हणून तू मला चौथीतनं उठवून घण हातात दिला. मी खांद्यानं मारती आणि तू ओरडतो, "खांदा उपटून टाकती का काय? टाच फिरव, कंबर फिरव, हात मागनं येईल!" तरी जमंना, तर तू तापलेली सांडशी माझ्या टाचेजवळ आणली. टाच आपसूक फिरली. "हां, अशी!" आई आतनं तुला शिव्या घालती आणि तू हसतो.

आता इथं शहरात, पुंडलिकनगरच्या घराच्या गच्चीवर गादीची गुंडाळी टांगून मी पोरीला तेच सांगते. मूठ आधीच आवळू नको, लागताना आवळ. ती वैतागली, "मम्मी, तू करके दिखा ना!" पदर खोचून मारला एक. गुंडाळी जाऊन खांबावर आदळली. तिला काय येईना. मी चिडले, "बहिरी झाली का?" ती रडली. तवा ध्यानात आलं, घण पडायच्या आधी तू हातोडीनं ऐरणीवर ठोका द्यायचा आणि त्याच्यावर माझं अंग फिरायचं. मी उलथनं घेतलं, ताट वाजवलं. तिसऱ्या ठोक्याला तिच्या टाचेतून असा ठोसा निघाला की दोघी ओरडलो.

पण ताट थांबलं की पुन्हा दार वाजवणंच. रिंगमधी ताट कोण वाजवू देईल? मी म्हणते मनात वाजव. ती म्हणती, "मनात वाजत नाय मम्मी." बोटांची हाडं सुजलीत, तरी मी थांबू देत नाय, माझंच डोकं ठिकाणावर नाय. बा, माझ्या घणाला तू ठोका द्यायचा कवा थांबला? का थांबलाच नव्हता? तुझ्याबिगर मला एकटीला कवा मारता आलं, हे मला कुणी सांगायला उरलं नाय.

सकाळी पोरगी म्हणाली, "आजोबा असंच वाजवायचे का?" मी व्हय म्हटलं. त्या भरवशावर ती पुन्हा उभी राहिली. खोटं बोलले, बा. तुझा ठोका कसा होता, ते मला आठवत नाय.